‘नकार दिला’ असे लिहिण्याआधी : आदिवासी भागात रुजू होणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत बंधपत्रित सेवेसाठी रुजू होणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी १९८८ ते २०२१ या काळात मेळघाटात नोकरी केली. आधी आरोग्य सेविका म्हणून आणि शेवटची अकरा वर्षे आरोग्य सहायिका म्हणून. या तेहेतीस वर्षांत माझ्या हाताखालून नव्हे, पण माझ्या डोळ्यांदेखत बावीस वैद्यकीय अधिकारी आले आणि गेले. कोणी तीन महिने राहिले, बहुतेकांनी वर्ष काढले, एक जण सहा वर्षे टिकले. त्यांपैकी बहुतेक सगळे भली माणसे होती, हे आधीच सांगते, कारण पुढे तक्रारीचा सूर येणार आहे आणि तो माणसांच्या वाईटपणाविषयी नाही. एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे, या अटीपायी जो तरुण परतवाड्याहून सेमाडोहचा घाट चढून येतो, त्याच्या मनात पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा विचार असणार, यात गैर काही नाही. त्या एका वर्षात तुमच्या हातून काय होऊ शकते आणि काय होऊ नये, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली, ऑगस्टमधली एक नोंद मला अजून पाठ आहे. सात महिन्यांचे मूल, धाप लागलेली, पोट फुगलेले, अंगावर मांस नाही. डॉक्टरांनी तपासून मुलाला ताबडतोब धारणीच्या रुग्णालयात हलवायला सांगितले. आई काहीतरी बोलली, पुन्हा बोलली, मग मूल पदराखाली घेऊन पावसात निघून गेली. डॉक्टरांनी मला सांगितले आणि मी रजिस्टरात लिहिले : ‘पालकांनी नकार दिला.’ अक्षर माझे आहे. सहाव्या दिवशी ते मूल घरीच दगावले. मी चौकशीला त्या ढाण्यावर, म्हणजे वस्तीवर, पोहोचले तेव्हा कळले की तिचा नवरा कामासाठी बुऱ्हाणपूरकडे गेलेला होता, घरी आणखी दोन लहान मुले होती, त्यांना पाहणारी शेजारीण संध्याकाळपर्यंतच थांबणार होती, आणि मधल्या नाल्याला पाणी चढत होते. त्या बाईने आमच्यासमोर उभे राहून कोरकूत, म्हणजे इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत, सांगितले होते की मी मुलांना घेऊन उद्या सकाळी येते, तोवर गाडी थांबवा. रात्रभर नाला उतरला नाही. आमच्या केंद्रात झाडलोट करणारी बाई स्वतः कोरकू होती. तिने हे सगळे ऐकले होते, तिला ते पूर्ण समजलेही होते. तिला कोणी विचारले नाही आणि न विचारता डॉक्टरांच्या बोलण्यात तोंड घालण्याची तिची हिंमत नव्हती.

त्यानंतर मी कोरकू शिकले. पण ‘नकार दिला’ हे दोन शब्द मी पुढे किती रजिस्टरांत, किती वेगवेगळ्या अक्षरांत वाचले याची गणती नाही. ‘लसीकरणास नकार’, ‘रुग्णालयात प्रसूतीस नकार’, ‘न सांगता निघून गेली’, ‘अंधश्रद्धेमुळे उशीर’. अशी नोंद झाली की मृत्यूची जबाबदारी मृताच्या घरावर जाते आणि वरच्या कोणत्याही कार्यालयाला काही करावे लागत नाही. गाडी वेळेवर का आली नाही, नाल्यावर पूल का नाही, दुभाषी का नाही, सोबतच्या मुलांना झोपायला जागा का नाही, हे प्रश्न त्या दोन शब्दांखाली गाडले जातात. आदिवासींच्या आरोग्यातील विषमतेवर बोलताना आपण निधी, रस्ते, रिक्त पदे यांविषयी बोलतो आणि ते बरोबरच आहे. परंतु त्या विषमतेतला एक मोठा हिस्सा डॉक्टरांच्या पेनातून उतरतो, आणि तेवढा तरी तुमच्या हातात रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून असतो.

आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ४१.९ होते, अनुसूचित जमातींत ते ५०.३ होते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत, आणि तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. सर्वसाधारण भागात तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे, आदिवासी आणि डोंगरी भागात तो वीस हजारांचा आहे. कागदावर आपल्याला सवलत मिळालेली आहे. पण वीस हजार माणसे पंचवीस-तीस गावांत आणि ढाण्यांत विखुरलेली असली, आणि त्यांतली कित्येक पावसाळ्यात तुटत असली, की त्या सवलतीचा अर्थ नकाशावर बोट ठेवून मोजता येत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट भाषेची. कोरकू ही मराठीची बोली नाही आणि हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली भाषा आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. गडचिरोलीत गेलात तर माडिया आणि गोंडी, यवतमाळकडे कोलामी, नंदुरबारला भिली आणि पावरी ऐकाल. एका वर्षात यांपैकी एखादी भाषा येणार नाही, याची मला कल्पना आहे. पण ‘कुठे दुखते’, ‘कधीपासून’, ‘लघवी झाली का’, ‘बाळ दूध ओढते का’, ‘घरी कोण आहे’, ‘परत कधी येशील’ अशी चाळीस वाक्ये एका वहीत लिहून घ्यायला दोन संध्याकाळी पुरतात. आमच्याकडच्या सहा वर्षे टिकलेल्या डॉक्टरांनी ते केले होते. त्यांचे उच्चार ऐकून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि हसलेली बाई पुढचे दुखणे सांगते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. पाणी म्हणजे ‘डा’, एवढ्या एका शब्दावर त्यांनी क्षार-संजीवनी कशी पाजायची ते समजावलेले मला आठवते. ज्याला तेवढेही जमणार नसेल त्याने निदान आपल्या केंद्रातील कोरकू शिपायाला, सफाई करणाऱ्या बाईला, आशाताईला तपासणीच्या टेबलाशेजारी खुर्ची द्यावी. मी खुर्चीच म्हणते आहे. दारात उभे राहून केलेल्या भाषांतरात भीती मिसळलेली असते.

दुसरा विषय भुमकाचा, म्हणजे गावातल्या पुजारी-वैदूचा, आणि तो मला सोपा करून सांगता येणार नाही. फुगलेल्या पोटावर तापवलेल्या सळईचे किंवा विळ्याचे चटके देण्याची ‘डम्मा’ ही रीत क्रूर आहे. त्या जखमांतून जंतुसंसर्ग झालेली तान्ही मुले मी हातात घेतलेली आहेत. परंपरा म्हणून तिचे कौतुक करणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही. पण ती थांबवण्यासाठी एका वर्षी आमच्या भागात फक्त गुन्हे नोंदवण्याचा धडाका लावला गेला, तेव्हा काय झाले तेही मी पाहिले : चटके थांबले नाहीत, चटके दिलेली मुले आमच्याकडे येणे थांबले. आई गुन्हेगार ठरेल या भीतीने न्यूमोनियाचे मूल घरातच राहिले. पुढच्या डॉक्टरांनी दुसरा रस्ता धरला. ते आडा पटेलाला, म्हणजे गावाच्या पारंपरिक मुखियाला, घेऊन भुमकाच्या अंगणात जाऊन बसले, त्याच्या पूजेविषयी एक शब्दही वाकडा बोलले नाहीत, आणि एवढेच मागितले की धागा बांध, नारळ फोड, पण विस्तव लावू नको, आणि ज्या मुलाच्या छातीत खड्डा पडतो त्याला त्याच दिवशी आमच्याकडे पाठव. तो ज्या मुलांना पाठवायचा त्यांच्या आईवडिलांसमोर डॉक्टर त्याचे नाव घेऊन म्हणायचे की त्याने वेळेवर पाठवले म्हणून बरे झाले. याला दोन वर्षे लागली. डम्मा पूर्ण बंद झाला असे मी म्हणणार नाही, पण मुले आधी येऊ लागली. कायदा असावा, आणि चटके देण्याचा धंदा मांडून बसलेल्याला तो लागावाही. मात्र आईला डॉक्टरांपासून पळावे लागू नये, याची काळजी डॉक्टरांनीच घ्यायची असते.

एका प्रशिक्षणात मी न्यूझीलंडच्या इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेविषयी ऐकले. सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने ठरवायचे, असे तिचे म्हणणे होते, आणि तिथल्या परिचर्या परिषदेने १९९२ साली हा विचार शिक्षणात अनिवार्य केला. आपल्याकडे प्रशिक्षण संपल्यावर अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात, तोही प्रशिक्षणार्थींकडून. ज्या बाईची प्रसूती झाली तिला कोणी विचारत नाही की टेबलावर तुला कोणी ओरडले का, पडदा होता का, सासूला आत येऊ दिले का. तुमच्या केंद्रापुरते तुम्ही हे विचारू शकता, त्याला शासन निर्णय लागत नाही.

कुपोषित मुलांच्या बाबतीत तर ‘नकार’ हा शब्द फारच स्वस्त झालेला आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात आईने मुलासोबत चौदा दिवस राहायचे असते. मूल सुधारण्यासाठी ते आवश्यकही आहे. परंतु चौदा दिवस घराबाहेर राहणाऱ्या बाईच्या मागे शेत असते, कोंबड्या-बकऱ्या असतात, इतर मुले असतात, आणि बुडीत मजुरीची रक्कम हातात कधी पडेल याचा भरवसा नसतो. ती सहाव्या दिवशी निघून जाते. ती का गेली हे लिहा. ‘घरी तीन वर्षांचे मूल आजारी’ असे लिहा. ‘सोबतच्या मुलाला जेवण मिळाले नाही’ असे लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचे सदस्य सचिव तुम्हीच असता. त्या समितीच्या पैशातून सोबतच्या मुलाचे जेवण, एक गादी, पाणी तापवण्याची सोय करता येते, आणि कित्येक केंद्रांत तो पैसा रंगरंगोटीत जातो. गरोदर बाईने प्रसूतीच्या आधी काही दिवस येऊन राहावे यासाठी ‘माहेरघर’ नावाची योजना आहे. नाव ज्याने कोणी दिले त्याने मोठे काम केले, पण मी पाहिलेल्या दोन माहेरघरांत औषधांची खोकी रचलेली होती. माहेरी लेक आपल्या लहानग्याला घेऊन येते, चुलीशी बसते, तिची कोणी तपासणी करत राहत नाही. खोली रिकामी करून तिथे चूल मांडू दिली, तर बाया येतात, हा माझा अनुभव आहे.

आहाराविषयीही एक बारीक सूचना. ज्या घरात कुटकी, सावा, मका आणि ज्वारी आहे, तिथे सफरचंद आणि दुधाचा सल्ला लिहून देऊ नका. वाचून त्यांना एवढेच कळते की या माणसाला आपल्याविषयी काही माहीत नाही.

मृत्यूच्या नोंदी हा या पत्राचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रात कितीतरी बालमृत्यू शासकीय नोंदींत येतच नाहीत हे उघड केले, तेव्हा आमच्यासारख्यांना त्यात नवल वाटले नव्हते. जन्मून तासाभरात गेलेले बाळ ‘उपजत मृत’ म्हणून लिहिले की अर्भकमृत्यूचा आकडा वाढत नाही, हे आम्हाला बैठकांमधून न बोलता शिकवले जाई. स्थलांतरावर गेलेल्या कुटुंबातले मूल हरभऱ्याच्या कापणीवर, दुसऱ्या तालुक्याच्या शेतात दगावले तर ते कोणाच्याच यादीत नसे. दिवाळीनंतर गावे अर्धी रिकामी होतात आणि होळीला भरतात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे. त्या मधल्या तीन-चार महिन्यांत लसीकरणाचे रकाने ‘गैरहजर’ या शब्दाने भरतात. जे जाणार आहेत त्यांची यादी दिवाळीआधी आशाताईकडून करून घेऊन, गरोदर बायांची कार्डे त्यांच्या हातात देऊन, जिथे जाणार तिथल्या केंद्राला फोन करणे, हे एका डॉक्टरने एका हंगामात केले होते. त्यासाठी त्यांना फक्त एक दुपार आणि तेरा फोन लागले.

बालमृत्यूची चौकशी करताना तुम्ही स्वतः त्या घरी जा. ते काम आमच्यावर सोपवून सही करू नका. घरात बसून शेवटच्या दोन दिवसांचा तासातासाचा हिशेब ऐका : दुखणे कधी ओळखले, कोणाला सांगितले, गाडी कधी मागितली, किती वाजता आली, रुग्णालयात कोणी काय म्हटले. मग कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया किंवा कमी वजन लिहा, पण अभिप्रायाच्या रकान्यात गाडीची वेळ लिहा. असे अभिप्राय लिहिणारे डॉक्टर तालुक्याच्या बैठकीत लाडके नसतात, हे मी लपवणार नाही. आमच्या एका डॉक्टरांना ‘तुमचेच केंद्र का एवढे मृत्यू दाखवते’ असे सगळ्यांसमोर विचारले गेले होते. ते म्हणाले, ‘कारण आम्ही मोजतो.’ त्यांना त्या वर्षी कोणते प्रशस्तिपत्रक मिळाले नाही. पण पुढच्या पावसाळ्याआधी आमच्या केंद्राला दुसरी गाडी मिळाली, आणि ती मिळण्याचे दुसरे कोणतेही कारण मला दिसत नाही.

सगळे तुमच्या खोलीतच घडले पाहिजे असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले, आणि नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशांची घरभेट देशभर सुरू झाली ती त्याच पायावर. त्या घरभेटींचे कागद आज बरेचदा घरी बसून भरले जातात. कारण आळस नाही. आशाताईने पाठवलेल्या बाळाला डॉक्टरांनी ‘काही नाही, उगाच आणले’ म्हणून परत पाठवले की गावात तिची पत जाते, आणि पुढच्या वेळी ती पाठवत नाही. तिने दहा बाळे पाठवली आणि त्यांतली आठ ठणठणीत निघाली, तरी आठही वेळा तिला सगळ्यांदेखत शाबासकी द्या. तुमच्या बरोबरीने फिरणारे भरारी पथकातले मानसेवी डॉक्टरही विसरू नका. कंत्राटी, तुटपुंज्या मानधनावरची ही माणसे कुठल्या ढाण्यावर कोणते मूल उतरणीला लागले आहे हे तुमच्या संगणकाच्या आधी सांगतात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी थोडक्यात. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले, चाचण्या वाढल्या, ते चांगलेच आहे. पण एका आश्रमशाळेच्या शिबिरात निकाल लाऊडस्पीकरवरून नावानिशी वाचले गेले, आणि त्यांतल्या एका मुलीचे ठरलेले लग्न मोडले, हे माझ्यासमोर घडले. ती फक्त वाहक होती. वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि दोन्ही जोडीदार वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते, हे एकेकाला बाजूला घेऊन, त्याच्या भाषेत सांगायला वेळ लागतो. तेवढा वेळ नसेल तर शिबिर दोन दिवसांचे करा. आणि जो मुलगा महिन्यातून तिसऱ्यांदा अंगदुखीने कळवळत येतो, त्याला कामचुकार समजण्याआधी त्याचे कार्ड मागा.

डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ते जिथे काम करतात त्या मेळघाटातल्या बैरागडचे नाव सगळीकडे छापून आले. त्यांच्या साधेपणाचे कौतुक झाले, पण दवाखान्यात येणारे दुखणे शेतातून येते हे ओळखून हा डॉक्टर शेतीत उतरला, ही गोष्ट कौतुकात मागे पडली. तुम्ही सगळ्यांनी आयुष्य वाहावे असे मी मागत नाही. तसे मागणे अन्यायाचे होईल, आणि खरे सांगायचे तर थोर माणसांची वाट पाहण्याची सवय लागल्यामुळेच साध्या, नियमित, वेळेवर उघडणाऱ्या दवाखान्याची मागणी आपण नीट केलेली नाही. वर्षभरात दोनदा ग्रामसभेत जाऊन बसा, एवढे मागते. पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याने, तिला अधिकार दिलेले आहेत, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींकडे थेट येतो. त्या पैशाचे काय करावे हे गाव ठरवेल. पण नाल्यापलीकडच्या कोणत्या घरात कोणत्या महिन्यात बाळंतपण आहे, हे ठरवतेवेळी तुम्ही सांगू शकता. आणि बारावी झालेली एखादी कोरकू मुलगी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाचा अर्ज घेऊन सहीसाठी आली, तर तिला दुसऱ्या दिवशी बोलावू नका.

शेवटी, जातानाची गोष्ट. बावीसपैकी एकवीस डॉक्टरांनी कार्यभार सोडताना औषधसाठा, फर्निचर आणि फ्रिज लिहून दिला. विसाव्या ढाण्यावरची ती बाई, जिची दोन बाळंतपणे बिघडली आहेत आणि जी तिसऱ्यांदा गरोदर आहे, ती कोणाच्याच कार्यभाराच्या यादीत नव्हती. नवा माणूस सगळे पहिल्यापासून विचारतो, आणि लोक दरवेळी पहिल्यापासून सांगून दमतात. म्हणून मी निवृत्त होताना एक वही करून ठेवली. त्यात गावनिहाय भुमका, दाया, आडा पटेल, आधीच्या बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाया, सिकलसेलचे रुग्ण, कोणता नाला किती पावसाने बंद होतो आणि तेव्हा कोणाचा ट्रॅक्टर मिळतो, हे लिहिले आहे. मागच्या पानांवर कोरकूची चाळीस वाक्ये आहेत. वही लेबर रूमच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, जुन्या जन्मनोंदींच्या खाली ठेवलेली आहे. माझ्या केंद्रावर जो कोणी रुजू होईल त्याने ती मागून घ्यावी, जुनी झालेली नावे खोडून नवी लिहावीत. इतरांनी आपापल्या केंद्रातल्या सर्वांत जुन्या सेविकेला विचारावे. वही नसली तरी ती तिच्या डोक्यात असते आणि तिच्याही निवृत्तीची तारीख ठरलेली असते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
मेळघाट, जि. अमरावती